कॅशच्या खिडकीवर बसण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

बेळगावजवळच्या खानापूरच्या पतसंस्थेत कॅशवर बसणार असं कळलं. व्हाउचर, व्याजाची आकारणी हे महिनाभरात हाताला बसेल. आल्यागेल्याला ओळख कशी द्यायची हे मात्र कुणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या खिडकीशी जांबोटी-कणकुंबीकडचा मराठी माणूस येईल आणि त्याच रांगेत बिडी-कक्केरीकडचा कन्नड माणूसही. पासबुकावरचं आडनाव बघून भाषा ठरवू नकोस. पाटील, देसाई, कुलकर्णी दोन्हींकडे आहेत. आधी ‘नमस्कार’ म्हण आणि थांब. उत्तर ज्या भाषेत येईल, त्या भाषेत पुढं बोल. कन्नडात ‘नमस्काररी’ आलं तर ‘बर्री, आराम अदीरी?’ (या, बरे आहात ना?) एवढं तरी यायलाच हवं. त्यातली ‘री’ गिळू नकोस. म्हाताऱ्या माणसाला नुसतं ‘बा’ म्हणालास तर ‘ये रे’ म्हटल्यासारखं होतं आणि तो मनात धरतो. व्याकरण चुकलं तर लोक हसून सोडून देतात. अडलास की ‘स्वल्प स्वल्प बरतैत्री’ (थोडं थोडं येतं) म्हण, समोरचाच मग मराठीवर येतो. अण्णा, अक्का दोन्हीकडे चालतात.

‘जय जिनेंद्र’, ‘जय भीम’, ‘शरणु शरणार्थी’ जसं येईल तसंच परत कर. ‘सलाम आलेकुम’ला ‘वालेकुम सलाम’. पण टोपी किंवा कपाळ बघून आपणच आधी सुरू करू नकोस. माणूस अवघडतो.

नोटा मोजताना कुणी आलं तर बोलायचं नाही, आकडा चुकतो. मान वर कर, नजर दे, गड्डी संपव, मग बोल. खाली बघूनच ‘हं, बोला’ म्हणणाऱ्या कॅशियरशी लोकांची भांडणं होतात, आणि निमित्त बहुतेक सुट्या पैशांचं असतं.

दुपारी ‘जेवण झालं काय वो?’ किंवा ‘ऊटा आतेनरी?’ पुरे. वाटेत भेटलेल्याला ‘कुठं निघालात?’ विचारू नकोस. कामाला निघालेल्याला ते अपशकुनी वाटतं. मयताच्या घरी नमस्कार नको, उठताना ‘येतो’ही नको.

हप्ता थकलेल्यालाच बाजारात गाठून नमस्कार घालू नकोस, तो वसुलीचा वाटतो. वेळेवर भरणाऱ्यालाही रोज ओळख देत असशील, तरच थकलेल्याला तुझा नमस्कार बोचणार नाही.

आता आपल्याकडचा अवघड दिवस. 1956 पासून 1 नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो, दुसरीत मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तुझ्या नमस्कारानं सुटायचा नाही. पण अशा दिवसांत अफवा लवकर पसरते, आणि ओळख असली की माणूस दगड उचलण्याआधी फोन करून ‘तुमच्याकडं खरंच काय झालं?’ असं विचारतो. ही ओळख एरवीच्या साध्या दिवसांत करून ठेवावी लागते. 2 तारखेला खिडकी उघडशील तेव्हा नमस्कार तुझ्याकडून आधी जाऊ दे. काल कोण कुठल्या मिरवणुकीत होता, हे तोंडावर दिसू देऊ नकोस.

वर्षभरात कुणाशी वाजलंच तर दसरा आहे. आपण आपट्याचं पान देऊन ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणतो. कन्नड लोक शमीचं पान देऊन ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’ (शमी घेऊन सोन्यासारखे राहू) म्हणतात. ज्याच्याशी वाजलं, संध्याकाळी त्याच्या घरी आपणहून जा. पान दे, वयानं मोठा असेल तर वाक. जुना विषय काढू नकोस, त्यानं काढला तर नुसतं ऐकून घे. चहा आला तर नको म्हणू नकोस.

तुझा,
काका