दिल्ली पहिल्यांदा बघणार असशील तर

एका दिवसात लाल किल्ला, कुतुब आणि हुमायूनची कबर उरकायचा बेत आधी रद्द कर. मी तो केला होता. आठवतात ते फक्त रिक्षावाल्याशी झालेले वाद!

लाल किल्ला सोमवारी बंद असतो, त्यामुळे तो दिवस हुमायूनकडे ने. सकाळी गेट उघडताच आत शिर. सगळे सरळ मोठ्या घुमटाकडे धावतात, तू उजवीकडे वळ. तिथे ईसाखान या अफगाण सरदाराची अष्टकोनी कबर आहे, हुमायूनच्या कबरीपेक्षाही जुनी. घुमटाभोवतीच्या दगडी छत्र्यांवर निळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. तिथे निवांत बस.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासला, म्हणजे बादशहाच्या खास दरबारात, मान वर करून बघ. या छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून नाणी पाडली, फौजेचा पगार थकला होता म्हणून. पुढे पानिपत झालं. मराठी माणसाला तिथे जरा अवघडल्यासारखं होतं, मला तरी झालं.

कुतुबला मेट्रोच्या पिवळ्या लाइनने जा. मनोऱ्यावर चढू देत नाहीत.

महिना? फेब्रुवारी. जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात. आणि बूट जुनेच घाल, नवे चावतात.