भीती वाटते त्याच गोष्टी मुद्दाम केल्याने आत्मविश्वास खरंच वाढतो का?

हो, वाढतो. फक्त 'भीती गेली की करू' म्हणत बसलात तर मुहूर्त कधीच लागणार नाही. आधी करायचं, धीर मागून येतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा किस्सा मला फार आवडतो. एकोणिसाव्या वर्षी त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड धास्ती होती. म्हणून १९३३ मध्ये त्यांनी स्वतःलाच काम लावून घेतलं: न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की त्याच बाकावर बसून बोलायला लागायचं. महिनाभरात शंभरेक जणींशी बोलले. काही जणी सरळ उठून गेल्या. एक भेटायला तयार झाली, तीही आलीच नाही! पदरात शून्य, पण आभाळही कोसळलं नाही आणि धास्ती मात्र गेली. (आज बागेत असं करू नका, समोरच्या बाईला त्रास होतो.) पुढे त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धत मांडली, त्यात असे गृहपाठ असतात.

तुम्हाला स्टेजची भीती असेल तर एकदम गॅदरिंगचं सूत्रसंचालन अंगावर घेऊ नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून एक प्रश्न विचारा. मग आभारप्रदर्शन. छातीत धडधडायला लागलं तरी ते ओसरेपर्यंत तिथेच थांबा, कारण मधूनच पळालात की सुटल्यासारखं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट बसते. पॅनिक अटॅक येत असतील तर मात्र हे एकट्याने करू नका, समुपदेशकाला सोबत घ्या.