हेक्सा की एक्सयूव्ही 500? आधी आईला बसवून बघा

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी कराडचा. घरात आम्ही दोघं, दोन पोरं (11 आणि 6 वर्षं), आणि आई-बाबा. सध्या स्विफ्ट आहे, सगळे निघालो की धाकट्याला मांडीवर घ्यावं लागतं, म्हणून आता सात सीटर घ्यायची ठरवलीय, जुनीच, बजेट 8 लाख. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक महिंद्रा एक्सयूव्ही 500, 2018 ची, 92 हजार किमी, सेकंड ओनर, 7 लाख 60 म्हणतोय. दुसरी टाटा हेक्सा एक्सएम, तीपण 2018, 61 हजार किमी, सिंगल ओनर, सांगलीची, 7 लाख 90. दोन्ही डिझेल, मॅन्युअल. महिन्याला साधारण 800 किमी होतात, आणि वर्षातून चारेक वेळा कुंभार्ली घाटातून चिपळूणला सासरवाडी. बायकोला एक्सयूव्ही आवडलीय, बाबा म्हणतात टाटाचा पत्रा दणकट. गाडी 5-6 वर्षं तरी वापरणार. कुठली घेऊ? ता.क. आईचं मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेवढं लक्षात ठेवा.

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचत वाचत मी मनात हेक्सा म्हणून टाकलं होतं, आणि मग ता.क. वाचला. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत बघा. तिथं येतोच, पण आधी गाड्यांचं बोलू.

वरवर या दोन्ही सारख्याच वाटतात. दोघींना 2.2 लिटरचं डिझेल इंजिन, दोन्ही सात सीटर, दोन्ही पुण्याकडच्याच, आणि दोन्ही बंद झालेल्या. हेक्सा जानेवारी 2017 ला आली आणि 2020 ला धुराचा नवा नियम, बीएस-6, आला तेव्हा गेली, तीनच वर्षं मिळाली बिचारीला. एक्सयूव्ही 500 मात्र 2011 ते 2021 अशी दहा वर्षं विकली गेली. हा फरक लक्षात ठेवा कारण पार्टचा सगळा खेळ त्यावर आहे.

पण खालून बघितलं तर दोन वेगळ्याच जातीच्या गाड्या आहेत. हेक्सा म्हणजे चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर ठेवलेली बॉडी, टाटाच्याच जुन्या आरिया गाडीचा वंश, मागची चाकं ओढणारी, 400 एनएम टॉर्क म्हणजे ओढायची ताकद, आणि वजन दोन टनांच्या वर. एक्सयूव्हीला वेगळी चेसिसच नाही, कारसारखी एकसंध बॉडी, पुढची चाकं ओढतात. त्यामुळे होतं काय की हेक्सा खड्ड्यातून म्हशीसारखी निवांत जाते, आत काही कळत नाही, पण सिटीत वळवताना, पार्क करताना आपण ट्रक चालवतोय असं वाटतं. लांबीच 4.8 मीटरला टेकते, तुमच्या गल्लीत रिव्हर्स घ्यायची सवय करावी लागेल. एक्सयूव्ही त्यामानाने हलकी, कारसारखी चालते, पण खराब रस्त्यावर सस्पेन्शनचा खडखडाट लवकर सुरू होतो. बाबांना सांगा, पत्रा दणकट हे खरं आहे पण ते दोन टन ओढायला डिझेलपण लागतं. हेक्सा मिक्स रनिंगला 11 देईल, एक्सयूव्ही साडेतेरा धरा. तुमच्या 800 किमीला डिझेल 90 रुपये धरलं तर महिन्याला 1200 रुपयांचा फरक, वर्षाला साडेचौदा हजार. जीव जाईल एवढा नाही, पण आहे.

तिसऱ्या सीटवर कोण बसणार ते ठरवलंय का? एक्सयूव्हीची मागची सीट मोठ्या माणसाला शिक्षा आहे, गुडघे छातीला लागतात. हेक्साची बरीच चांगली, मोठा माणूस कराड ते पुणे बसू शकतो. पण तुमच्याकडे मागं पोरंच बसणार, 11 आणि 6, त्यांना एक्सयूव्हीतपण चालून जाईल. थोरला 15-16 चा झाला की कुरकुर करेल ते वेगळं. एक सांगून ठेवतो, दोन्ही गाड्यांत तिसऱ्या सीटच्या काचा खाली होत नाहीत, आणि कुंभार्लीत मागच्या सीटवर पोरं बसली की पाटणच्या पुढं उलट्या ठरलेल्या. पिशव्या आणि आवळा सुपारी हाताशी ठेवा, गाडी कुठलीही असो.

आता आई. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दोन गोष्टी जड जातात, खूप खाली बसणं आणि खूप वर चढणं. स्विफ्टमध्ये त्यांना पहिला त्रास होत असणार. हेक्सात दुसरा होईल, कारण चेसिसवरची गाडी म्हणजे फ्लोअरच उंच, आधी पाय वर टाकायचा, मग हँडल धरून स्वतःला ओढून घ्यायचं. फूटस्टेप लावली तरी पायऱ्या दोन होतात, आणि उतरताना पावसात ती स्टेप ओली असते. एक्सयूव्हीचं फ्लोअर त्यापेक्षा खाली आहे, सीटवर आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे असं जमतं. माझ्या गॅरेजला एक काका यायचे, हौसेने मोठी उंच गाडी घेतली आणि सहा महिन्यांत काकूंनी गाडीत बसणं सोडलं, लग्नाकार्याला एसटीने जायच्या. म्हणून माझं ऐका, मेकॅनिकच्या आधी आईला घेऊन जा. दोन्ही गाड्यांत मधल्या सीटवर तीन-तीन वेळा चढ-उतार करायला लावा. पहिल्या वेळेस सगळेच जोर करून चढतात, तिसऱ्या वेळेस खरं कळतं.

पार्टचं म्हणाल तर एक्सयूव्हीचं एमहॉक इंजिन स्कॉर्पिओच्याच घराण्यातलं, कराडमध्ये कुठलाही डिझेलवाला डोळे झाकून उघडेल. हेक्साचं व्हॅरिकोर 400 इंजिन टाटाच्याच सफारी स्टॉर्मलापण होतं त्यामुळे इंजिनच्या सामानाची फार भीती नाही, पण बंपर, हेडलाइट, दाराचं पॅनल हे तिचं एकटीचं. ठोकली की गाडी पार्टची वाट बघत उभी राहू शकते.

आता तुम्ही सांगितलेल्या या दोन गाड्यांकडे येऊ, कारण शेवटी तुम्ही ब्रोशर विकत घेत नाही, ही गाडी घेताय.

हेक्सा 61 हजार, सिंगल ओनर, ऐकायला गोड. पण सांगलीची आणि 2018 ची म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला, ऑगस्ट 2019 ला ती कुठं उभी होती? आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलं होतं तो महापूर, आणि परत जुलै 2021. सगळ्या सांगलीच्या गाड्या बुडल्या नाहीत हो, पण विचारायला लाज कसली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. सीटच्या खालचे रेल आणि बोल्ट गंजलेत का बघा, कार्पेट उचलून वास घ्या, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात गाळ चिकटलाय का बघा. नवीन कार्पेट आणि भरपूर अत्तर असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून मालकाच्या समोर हिस्ट्री काढायला लावा, त्यात त्या दोन महिन्यांच्या पुढचं काम वाचा. किलोमीटर खरे का तेपण तिथंच कळेल. टायरवर चार आकडी तारीख असते, 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. 61 हजारांत तिसरा टायर सेट दिसला तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

एक्सयूव्हीत पहिलं बघायचं म्हणजे 2018 चा कुठला महिना. एप्रिल 2018 ला नवीन चेहरा आला आणि इंजिन 140 चं 155 बीएचपी झालं. जुनं मॉडेल असेल आणि तो नव्याच्या भावात विकत असेल तर तिथंच पन्नास हजार कमी करून घ्या. 92 हजारांवर क्लच बदललाय का विचारा, बिल मागा, तोंडी नको. नसेल तर खर्च तुमच्याकडे येणार हे धरूनच चला. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, पुढून टकटक आलं तर ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकं फिरवणारा दांडा, खराब. स्पीडब्रेकरवरून 20 च्या स्पीडने काचा खाली करून न्या आणि म्युझिक बंद ठेवा, विकणारा नेमकं तेव्हाच गाणं मोठं करतो. आणि गाडी बघायला सकाळी न सांगता जा, बोनेटला हात लावा, गरम असेल तर कुणीतरी आधीच स्टार्ट करून ठेवलीय, म्हणजे थंड इंजिन सुरू करतानाचा धूर लपवायचाय. एकदा मीपण फसलोय, स्वतःसाठी घेताना, ओळखीचा डीलर म्हणून काही बघितलंच नाही आणि चार महिन्यांनी कळलं की डावी बाजू पूर्ण रंगवलेली होती. बायको अजून काढते तो विषय.

तर माझं मत, एक्सयूव्ही. मला स्वतःला विचाराल तर हेक्सा जास्त आवडते, घाटात तिच्यासारखा निवांतपणा या भावात दुसरीकडे नाही, आणि आई जर तिसऱ्या वेळेसपण आरामात चढल्या आणि गाडी पुरातली नाही निघाली तर मी माझे शब्द मागे घेतो, हेक्साच घ्या. पण मला वाटत नाही त्या चढतील. फक्त ही एक्सयूव्ही 7.60 ला घेऊ नका. 92 हजार आणि सेकंड ओनर, म्हणजे क्लच आणि पुढच्या सस्पेन्शनचं काम जवळ आलंय, 7 च्या आसपास आणा. नाही आला तर सोडा, एक्सयूव्ही 500 बाजारात ढीगभर आहेत, महिनाभर स्विफ्टमध्ये अजून काढा.

कागदांचं थोडक्यात. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35, ई-चलन सगळी भरून घ्या. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागलीय का बघा. इन्शुरन्स 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची इन्शुरन्समधली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा त्याच्याकडेच राहतो, कुणी काही सांगितलं तरी.

प्रश्न : दिल्लीची 2016 ची एक्सयूव्ही 500 टॉप मॉडेल खूप स्वस्तात मिळतेय, एजंट म्हणतो एनओसीसकट देतो. घेऊ का? – एक वाचक ताई, नाशिक

उत्तर : ताई, स्वस्त का आहे ते समजून घ्या. तिकडे 10 वर्षांच्या डिझेल गाड्यांचं बंदीचं लफडं 2015 पासून चालू आहे त्यामुळे लोक आधीच काढून टाकतात. गाडी वाईटच असते असं नाही, उलट रस्ते चांगले असल्याने सस्पेन्शन बरं असतं. पण इथं आणल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून एमएच नंबर घ्यावा लागतो, आणि दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा रिफंड मागायला तिकडच्या ऑफिसचे हेलपाटे. टॅक्स, ट्रान्सपोर्ट, एजंट हे सगळं कागदावर मांडा, इथल्या गाडीपेक्षा लाखभर तरी वाचत असतील तरच जा, आणि पैसे एनओसी ऑनलाइन दिसल्याशिवाय देऊ नका.