वाचक विचारतात : ध्रुवीय प्रदेशांतील वन्यजीवांचा अभ्यास

प्रश्न : माझी मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. अंटार्क्टिकाला जाऊन पेंग्विनांचा अभ्यास करायचा, असे तिने मनाशी पक्के ठरवले आहे. अशी नोकरी खरोखर असते का, आणि भारतातून तिथे जाण्याचा मार्ग कोणता? (एक वाचक, सांगली)

उत्तर : या नावाची नोकरी जाहिरातीत सहसा सापडत नाही. आधी परिसंस्थाशास्त्राचा आणि त्याला लागणाऱ्या संख्याशास्त्राचा पाया पक्का करावा लागतो, आणि मग एखाद्या संशोधन संस्थेत राहून ध्रुवीय प्रदेशाशी निगडित प्रकल्प हाती घ्यावा लागतो. आपल्या अंटार्क्टिक मोहिमा गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आखते आणि देशभरातील संस्थांचे प्रकल्प त्यांत सामावून घेते. वन्यजीवांच्या बाबतीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने या मोहिमांत काम केलेले असल्यामुळे मुलीने चौकशीची सुरुवात तिथूनच करावी. निवड झाल्यावरही दिल्लीला ‘एम्स’मधील वैद्यकीय तपासणी आणि औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाकडून मिळणारे बर्फावरचे प्रशिक्षण, हे टप्पे उरतातच.

पेंग्विनांचा हट्ट मात्र तिने जरा सैल करावा. 1989पासून चालू असलेले आपले अंटार्क्टिकातील ‘मैत्री’ केंद्र किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे. 2012 मध्ये सुरू झालेले ‘भारती’ केंद्र लार्समन टेकड्यांमध्ये समुद्राला लागून आहे, आणि पक्ष्यांच्या व सीलांच्या अभ्यासाला तेच अधिक सोयीचे. तिथल्या खडकांच्या कपारींत हिम-पेट्रेल हा पांढराशुभ्र पक्षी घरटे करतो. कपारीत डोकावणाऱ्या माणसाच्या अंगावर तो पोटातले उग्र वासाचे तेल फेकतो, आणि तो वास कपड्यांतून लवकर जात नाही. पण हेच तेल घरट्याच्या तोंडाशी थरावर थर साचत जाते, आणि हजारो वर्षांपूर्वी हे पक्षी काय खात होते, हे त्या थरांच्या पृथक्करणातून समजते. पेंग्विनांइतकी प्रसिद्धी या पक्ष्याच्या वाट्याला आलेली नाही. अभ्यासविषय म्हणून मी त्याला कमी लेखणार नाही.

प्रश्न : ध्रुवीय अस्वलाला हेलिकॉप्टरमधून गुंगीचे औषध मारतात आणि त्याच्या गळ्यात पट्टा अडकवतात, असे वाचले. अभ्यासाच्या नावाखाली चाललेला हा छळ नव्हे काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : शंका रास्त आहे, आणि ती अभ्यासकांनाही पडते. आर्क्टिकमधील स्वालबार्ड द्वीपसमूहात नॉर्वेची ध्रुवीय संस्था हे काम वसंत ऋतूत करते. अस्वल गुंगीत असेपर्यंत त्याची मापे घेतात, रक्ताचे व चरबीचे नमुने घेतात, आणि वय ठरवण्यासाठी एक छोटा, बिनकामाचा दात काढून घेतात. पट्टा फक्त माद्यांना घालतात, कारण नराची मान डोक्यापेक्षा जाड असल्यामुळे त्याच्या गळ्यातून तो निसटून पडतो. साहजिकच अस्वलांच्या भटकंतीचे जे नकाशे आपण पाहतो ते बहुतांशी माद्यांचे असतात, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. मादी पिलांसाठी कोणत्या बेटावर बर्फात गुहा खणते, समुद्रावरचा बर्फ मागे हटल्यावर तिला किती लांब पोहावे लागते, ही माहिती पट्ट्यावाचून हाती आली नसती. म्हणून मी या कामाला छळ म्हणत नाही.

तरीही अभ्यासासाठी केलेल्या प्रत्येक खुणेचे समर्थन करता येणार नाही. पेंग्विनांच्या पंखाला पट्टी बांधण्याची पद्धत कित्येक दशके बिनदिक्कत चालू होती. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील क्रोझे बेटांवर अभ्यासकांनी किंग पेंग्विनांचे पट्टी बांधलेले आणि न बांधलेले असे दोन गट 10 वर्षे नजरेखाली ठेवले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पट्टीवाल्या पक्ष्यांचे जगण्याचे प्रमाण 16 टक्क्यांनी आणि पिलांची संख्या 39 टक्क्यांनी कमी भरली. पट्टीमुळे पोहताना अडथळा होतो, भक्ष्य मिळवण्यात अधिक दिवस जातात आणि पक्षी विणीच्या जागी उशिरा पोहोचतो. यातली खरी गोम अशी, की तोवर हवामानबदलाच्या खात्यावर मांडलेल्या काही आकड्यांत पट्टीनेच केलेले नुकसान मिसळलेले असू शकते.

त्यामुळे आता कातडीखाली पक्ष्याची ओळख पटवणारी, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवण्याकडे कल आहे. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन केंद्राजवळील बेशेर्वेझ बेटावर अॅडेली पेंग्विनांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच वजनकाटा बसवलेला आहे. समुद्राकडे जातानाचे आणि परततानाचे वजन ताडून पाहिले, की पक्ष्याने पिलांसाठी किती अन्न आणले याचा अंदाज येतो, आणि त्यासाठी त्याला हातही लावावा लागत नाही. एम्परर पेंग्विन तर उपग्रहचित्रांतूनच मोजतात, कारण त्यांच्या विष्ठेचे तपकिरी डाग पांढऱ्या बर्फावर अवकाशातूनही दिसतात. 2012 मध्ये अशा मोजणीतून 46 वसाहतींत सुमारे 5,95,000 पक्षी असल्याचे दिसले. हॅली उपसागरातली मोठी वसाहत 2016पासून सलग तीन हंगाम जवळजवळ एकही पिलू वाढवू शकली नाही, हेही अशाच चित्रांवरून उघडकीस आले.

प्रश्न : आर्क्टिकमध्ये काम करताना बंदूक बाळगावी लागते, हे खरे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : स्वालबार्डपुरते बरेचसे खरे आहे. वस्तीबाहेर पडताना अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ असणे तिथे बंधनकारक आहे आणि बंदूकही ठेवावी, अशी शिफारस आहे. मोठा आवाज आणि प्रकाश करणारी नळी आधी उडवायची. गोळी हा शेवटचा उपाय, आणि अस्वल मारले गेलेच तर चौकशी होते. आपले ‘हिमाद्री’ केंद्र 2008पासून याच द्वीपसमूहात न्यू-ओलेसुंद येथे असल्याने हा नियम भारतीय संशोधकांनाही पाळावा लागतो.

प्रश्न : बर्ड फ्लू अंटार्क्टिकात पोहोचला, असे वाचले. अभ्यासकांच्या कामावर त्याचा काय परिणाम झाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऑक्टोबर 2023 मध्ये हा रोग साउथ जॉर्जिया बेटाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांत आढळला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही त्याची नोंद झाली. स्कुआ मेलेल्या प्राण्यांवर ताव मारतो, त्यामुळे लागण त्याला आधी व्हावी यात नवल नाही. बर्ड आयलंडवर प्राणी हाताळावे लागणारे बहुतेक काम थांबवण्यात आले. ध्रुवीय तळांवर बूट आणि साहित्य निर्जंतुक करण्याचे जुने नियम अधिक कडक झाले, आणि लांबून मोजण्याच्या पद्धतींचे महत्त्व वाढले. साउथ जॉर्जियातील हत्ती सीलांच्या तीन सर्वांत मोठ्या वसाहतींची ड्रोनच्या साहाय्याने 2022 मध्ये, म्हणजे रोग येण्याआधी, पाहणी झालेली होती. 2024 मध्ये तीच पुन्हा केली तेव्हा विणीला आलेल्या माद्या 47 टक्क्यांनी कमी भरल्या. मात्र न दिसलेल्या सगळ्याच माद्या मेल्या, असा याचा अर्थ नव्हे. काहींनी त्या हंगामात किनारा टाळलेला असू शकतो, आणि त्यांतल्या किती परततात हे पुढच्या हंगामांच्या मोजणीवरूनच ठरेल.