एड्सविरुद्धच्या कामात शेजारी राज्यं किंवा देश एकत्र आल्याने खरंच फरक पडतो का, की नुसत्या बैठकाच होतात?

पडतो. पण बैठकीत ठरलेलं रुग्णापर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

मी सांगली जिल्ह्यात एका एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मोफत मिळतात तिथे, समुपदेशक होते. मिरजेहून म्हैसाळ मागे टाकलं की कागवाड, तिथून कर्नाटक सुरू. अथणी-रायबागकडची माणसं पूर्वीपासून दवाखान्यासाठी मिरजेलाच येतात, त्यामुळे आमच्या रांगेत कन्नडही भरपूर. मीही कामापुरतं शिकले. "गुळिगी तगोंड्रेन्री?" (गोळ्या घेतल्या का?) एवढं तर झोपेतही विचारलं असतं.

कागदावर सगळं सोपं आहे. सरकारी केंद्रांवर मोफत औषध 1 एप्रिल 2004 पासून सुरू झालं, कार्यक्रम नाकोचा म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, गोळ्याही सगळीकडे त्याच. पण अंमलबजावणी राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांकडे, आणि महाराष्ट्राची वेगळी, मुंबईची आणखी वेगळी, कर्नाटकची वेगळी. रुग्णाने केंद्र बदलायचं तर बदलीचा कागद आणि स्वतःची हिरवी वही, म्हणजे उपचाराच्या नोंदीची, घेऊन जायचं.

आता ऊसतोडीची टोळी डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या आसपास जतकडचं जोडपं बेळगाव भागातल्या कारखान्यावर जातं, ते चार-पाच महिन्यांनी परततं. माझ्या वेळी जवळ गोळ्या महिन्याच्याच असायच्या. औषधासाठी गावी यायचं तर मुकादम खाडा लावणार, उचल आधीच अंगावर. मग गोळ्या तुटतात. गोळ्या तुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि असं वारंवार झालं की तेच औषध पुढे लागू पडेनासं होतं. यावर उपाय दोनच: निघतानाच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या, नाहीतर पलीकडच्या केंद्राला आधी कळवायचं. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर सीमेपलीकडच्या समुपदेशकांचे नंबर होते. ते कुठल्या कराराने मिळाले नव्हते, एका प्रशिक्षणात जेवताना घेतले होते.

एक गोष्ट मात्र वरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. 'रुग्णाला घराजवळच्या केंद्रावर वर्ग करा' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मीही एका बाईंना तसं सुचवलं. त्या एसटीने दोन तास प्रवास करून यायच्या, मला वाटलं त्रास वाचेल. त्या म्हणाल्या, "ताई, तिथला कंपाउंडर माझ्या दिराचा दोस्त आहे. मला इथंच येऊ द्या." 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो 10 सप्टेंबर 2018 ला लागू झाला, माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. पण गावात कुणी कुणाला कुठल्या दारातून बाहेर येताना पाहिलं, याला कायदा काय करणार? त्यामुळे माणूस मुद्दाम सीमा ओलांडून येत असेल तर त्याला येऊ देणं, हेही सहकार्यच.

देशादेशांतलं उदाहरण हवं असेल तर पश्चिम आफ्रिकेचा आबिदजान-लागोस रस्ता पाहा. सुमारे हजार किलोमीटर, आणि वाटेत आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया असे पाच देश. ट्रक नाक्यांवर अडकून पडत आणि तिथेच संसर्गाचा धोका वाढे. या पाच देशांनी 2002 मध्ये मिळून कार्यक्रम ठरवला. त्यात निरोध, चाचणी, माहिती हे होतंच, पण मला आवडलं ते हे की नाक्यांवरचा खोळंबा कमी करणंही त्यात धरलं होतं. चालकाला उपदेश करण्यापेक्षा त्याचा ट्रक लवकर सोडा!

स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर सार्कचं नेपाळमधलं क्षयरोग आणि एचआयव्ही-एड्स केंद्र लिहा, गुण मिळतील. आपल्या भागात सहकार्य कितपत आहे हे बघायचं असेल, तर ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एखाद्या केंद्राबाहेर उभं राहा. रुग्णाला "यंदा कुठल्या कारखान्याला जाणार?" हे कुणी विचारतं का, ते ऐका.