शांतता आणि अबोला

“निवृत्तीनंतर चोवीस तास एकमेकांसमोर राहू लागल्यापासून आमची भांडणे वाढली आहेत. आमचे मुळातच पटत नव्हते आणि नोकरीमुळे ते झाकले गेले होते का?” समुपदेशनासाठी येणारी साठी ओलांडलेली जोडपी मला हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. अशा वेळी मला एक जोडपे हमखास आठवते. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची हकिकत येथे लिहीत आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेले हे मराठी पती-पत्नी एका लहानशा शिडाच्या होडीतून व्हर्जिनियातील नॉरफोकहून फ्लोरिडाकडे निघाले होते. खुल्या समुद्राची धास्ती नको म्हणून त्यांनी नद्या, खाड्या आणि कालवे जोडून तयार केलेला इंट्राकोस्टल वॉटरवे निवडला होता. पात्र अरुंद असल्यामुळे शीड बहुतेक वेळ गुंडाळलेले असे आणि होडी इंजिनावर ताशी पाच-सहा मैलांनी सरकत असे. पहिल्याच व्हिडिओ भेटीत पत्नीने १८०५ साली खुल्या झालेल्या डिस्मल स्वॉम्प कालव्याचे, झाडांतील टॅनिनमुळे कोऱ्या चहासारख्या दिसणाऱ्या त्याच्या पाण्याचे भरभरून वर्णन केले. पतीने मध्येच म्हटले, “तिथेसुद्धा ही दोन तास माझ्याशी बोलली नव्हती.”

येथे माझी चूक झाली. संवाद कमी पडतो आहे असे गृहीत धरून मी त्यांना रोज संध्याकाळी तासभर मोकळेपणाने बोलण्याचा सल्ला दिला. ज्या घरात उठून दुसऱ्या खोलीत जाण्याची सोय नाही, त्या घरात असा सल्ला किती जाचक ठरतो, हे मला त्यांच्या पुढच्या भेटीतच कळले. भांडण कशावरून होते यापेक्षा ते किती वाजता होते, हे मी आधी विचारायला हवे होते. ते विचारल्यावर दोघांनीही एकच वेळ सांगितली: नांगर टाकण्याची.

त्या वेळी पती सुकाणूवर आणि पत्नी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला असे. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचे ऐकू येत नसल्यामुळे दोघांनाही ओरडावे लागे, आणि ओरडून सांगितलेले साधे वाक्यही खेकसल्यासारखे वाटे. जॉर्जियातील एका खाडीत ओहोटीच्या वेळी पाणी दहा फूट होते. त्यात नाळेची पाण्यापासूनची चार फूट उंची मिळवून, नांगर घट्ट रुतून राहावा म्हणून पतीने त्याच्या पाचपट, म्हणजे सत्तर फूट साखळी सोडायला सांगितली. भरतीचे वेळापत्रक पत्नी सांभाळत असे. तेथे पाणी आणखी आठ फूट चढणार असल्यामुळे एकशे दहा फूट साखळी लागेल, असे तिने सांगितलेही. पतीला मात्र शब्द ऐकू आले नाहीत, फक्त विरोध ऐकू आला. “अगं, पुरे झाली!” असे म्हणून त्यांनी इंजिन बंद केले. मध्यरात्री भरती आली, वारा वाढला आणि नांगर घसरत होडी दलदलीच्या काठाजवळ गेली. दोघांनी अंधारात तो पुन्हा टाकला. त्यानंतरचे दोन दिवस मात्र खराखुरा अबोला होता.

पत्नीला निवांत किनाऱ्यांवरची शांतता मनापासून आवडत होती. पण रोजचा नांगर अशा तणातणीत पडत असल्यामुळे तिचे प्रत्येक गप्प बसणे पतीला अबोलाच वाटे. मग ते कारण विचारत राहत, आणि विचारून विचारून खरोखरच रुसवा ओढवून घेत.

आम्ही स्वभावाला हात लावला नाही. मुक्कामाच्या जागी पोहोचण्याआधीच, इंजिनाचा वेग कमी करून, पाण्याची खोली, भरती आणि साखळीची लांबी कागदावर लिहायची असे ठरले. तेथून पुढे फक्त हातांच्या खुणा. जागांची अदलाबदलही केली, कारण साखळीचे काम अधिक ताकदीचे असूनही ते पत्नीकडे का आले होते, हे दोघांनाही सांगता आले नाही. (हौशी नाविक जोडप्यांमध्ये ही विभागणी सर्रास आढळते असे त्यांच्याकडूनच कळले.) नांगर पडल्यावर पहिला तास कोणी काही विचारायचे नाही, पतीने हवे तर डिंगी, म्हणजे सोबतची छोटी नाव, घेऊन खाडीत फेरी मारावी.

फ्लोरिडात पोहोचल्यावर झालेल्या शेवटच्या भेटीत पत्नी हसत म्हणाली, “सुकाणू आता माझ्याकडे आहे, त्यामुळे हे पुढून हातवारे जरा जास्तच करतात.” भांडणे अजून होतात, असे दोघांनी सांगितले, आता ती बहुतेक दिवसा होतात.