परदेशात धंदा सुरू करताय? आधी कर आणि व्हिसा बघा

कंपनी नोंदवली म्हणजे तिथे काम करायची मुभा मिळाली, असं धरून चालू नका. मालकी वेगळी, व्हिसा वेगळा. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं सरकार परदेशी लोकांना देतं ती डिजिटल ओळख, 2014 पासून आहे. तिच्यामुळे दूर बसून कंपनी काढता येते, पण तिथे राहायचा हक्क मिळत नाही आणि तुमचा वैयक्तिक करही तिकडे हलत नाही.

खरी गोची कराचीच. 'वर्षात 183 दिवसांपेक्षा कमी तिथे राहिलो, मग कर नाही' हे अर्धवट ज्ञान भल्याभल्यांना नडलंय. बऱ्याच देशांत दिवसांसोबत घर आणि कुटुंबही बघतात. दोन्ही देश तुम्हाला आपला रहिवासी म्हणाले, तर त्यांच्यातला दुहेरी कर टाळण्याचा करार उघडा. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुन्यावर बेतलेल्या करारात आधी कायमचं घर कुठे हे पाहतात, मग कौटुंबिक नि आर्थिक संबंध, मग नेहमीचा मुक्काम, त्यानंतर नागरिकत्व.

कराराचा फायदा मात्र आपोआप मिळत नाही. कर-रहिवासी प्रमाणपत्र, म्हणजे तुम्ही कराच्या दृष्टीने आमचे रहिवासी आहात असा तुमच्या देशाच्या कर खात्याचा दाखला, बहुतेक ठिकाणी मागतातच. माझ्याकडे ते वेळेत नव्हतं. ग्राहकाने पहिल्याच बिलातून पूर्ण दराने कर कापला आणि तो परत मिळवता मिळवता वर्ष गेलं. म्हणून सांगतो, बिल पाठवायच्या आधी ते हातात असू द्या.

येण्याजाण्याच्या तारखा वहीत लिहा, पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो नि बोर्डिंग पास जपा. आणि तिथला हिशेबनीस नेमलात की त्याचा सल्ला लेखीच घ्या, फोनवरचा नको.